कॅनडाच्या पीआरसाठी (कायम वास्तव्यासाठी) जुन्या कंपनीचं अनुभव पत्र : तुम्हाला कसं मिळालं?

लिंबाचीसावली :
नागपूरच्या मिहानमधल्या माझ्या जुन्या टीममधल्या मुलीचा फोन आला होता. कॅनडाकडून पीआरचा अर्ज करायचं आमंत्रण आलंय, ६० दिवसांत सगळी कागदपत्रं अपलोड करायची आहेत आणि एचआरच्या पत्रात फक्त रुजू तारीख, सोडल्याची तारीख, "वर्तणूक समाधानकारक". म्हणाली, "ताई, माझ्या कामाचं तुम्हीच लिहून द्या ना." लगेच हो म्हटलं, कारण २०१९ मध्ये मी याच जागी होते.

माझी पहिली नोकरी परसोडीच्या आयटी पार्कात. नंतर त्यांचं एचआर पुण्याला गेलं. मेल केला की एकच ठराविक उत्तर : कामाचं स्वरूप लिहिणं आमच्या धोरणात बसत नाही. तिकडे मात्र लेटरहेड, पत्ता-फोन-ईमेल, प्रत्येक पद आणि त्याच्या तारखा, जबाबदाऱ्या, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा, सगळं लागतं. शेवटी आमच्या सरांनी साध्या कागदावर कामाचं लिहून नोटरी केली, सोबत स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड जोडलं. सर तोवर दुसऱ्या कंपनीत गेले होते, तरी माझ्यासाठी कोर्टासमोर उन्हात उभे राहिले. मी एचआरचं त्रोटक पत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि कंपनीचा नकाराचा मेलही जोडला. तो नकाराचा मेल जपून ठेवा बरं, पूर्ण पत्र का नाही याचा तोच पुरावा.

तुम्ही कसं मिळवलं? लिहा, कुणाच्या तरी कामी येईल.

बुटीबोरीचा_भाऊ :
ताई, आमचं तं तासांवर अडलं होतं. साहेब म्हणे, आठवड्याचे तास काऊन लिहायचे, उद्या कामगार खात्यानं विचारलं तं? ओव्हरटाइमची भीती होती त्याइले. मी समजावून सांगतलं का कायद्याचे ४८ आहेत तेवढेच लिहा, तिकडं ३० तासांपासून पूर्णवेळच धरतात, जास्तीच्या तासांचे काही वेगळे गुण नाही भेटत. तवा कुठं सही झाली. आमच्या टाइम ऑफिसवाल्या काकाचे लय उपकार, त्यानंच मधात पडून फाइल पुढं सरकवली.

खामला_कट्टा :
अर्धा पगार खात्यात, अर्धा रोख असेल तर पत्रात किती लिहायचा? मालक म्हणतात पूर्ण लिहून देतो.

लिंबाचीसावली :
@खामला_कट्टा जे कागदावर सिद्ध होतं त्याच्याशी पत्र जुळलं पाहिजे. फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट एक सांगतंय आणि पत्र दुसरंच, तर खरं असूनही संशय येतो. आधी एखाद्या परवानाधारक सल्लागाराला दाखव. मालकांना हो म्हणायची घाई करू नकोस.

वॉर्डनंबरतीन :
रात्रपाळी करून बसमधून लिहितेय, चुका पोटात घाला. मी नर्स. आमच्या हॉस्पिटलने एका ओळीत "स्टाफ नर्स म्हणून काम केले" एवढंच दिलं होतं. मालक डॉक्टर तर बोलायलाच तयार नव्हते, कारण त्याच वर्षी किती तरी जणी सोडून गेल्या. मेट्रन मॅडमनी ड्युटी रजिस्टरं काढली, माझ्यासोबत बसल्या. आयसीयूत कधी होते, प्रसूती वॉर्डात कधी, औषधं देणं, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची नोंद, नव्या मुलींना शिकवणं, सगळं त्यांच्या शब्दांत लिहिलं. डॉक्टरांसमोर कागद ठेवून म्हणाल्या, "हिनं केलंय ते लिहिलंय, सही करा." केली त्यांनी. मॅडम आता निवृत्त आहेत. दर दिवाळीला मी फोन करते.

स्टॉप आला. नंतर लिहिते.

धंतोलीची_काकू :
वाचून डोळे भरून आले गं. माझा मुलगा कॅल्गरीला आहे. थंडीत उणे ३० वगैरे होतं, आपल्याकडचे स्वेटर तिथे काहीच कामाचे नाहीत, जॅकेट तिकडेच घ्या हो सगळ्यांनी. संत्रा बर्फी मात्र नेली की संपते.

बुटीबोरीचा_भाऊ :
काकू, गोडाचं जाऊ द्या, तर्री पोहे कसे न्यायचे ते सांगा 😄

धंतोलीची_काकू :
अरे, मसाला कोरडा भाजून डब्यात भरून दे. तिकडे चणे मिळतात सगळीकडे. मी रेसिपी वेगळी टाकते.

हिंगणा_वर्कशॉप :
माझं जरा लांब आहे. २०११ ते २०१६ हिंगणा एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये डिझाइन आणि उत्पादन बघायचो. मालक वारले, युनिट बंद पडलं. सल्लागार म्हणाला हा अनुभव सोडून द्या. पण पाच वर्षं तिथं घातलेली, पॉइंट्स त्याच्यावरच होते. धीर करून मालकांच्या घरी गेलो. वहिनींनी कपाट उघडून दिलं. हजेरीचं मस्टर, पगाराचं रजिस्टर, सगळं मालकांच्या अक्षरात. कोरं लेटरहेडसुद्धा होतं. वहिनी म्हणाल्या, "यावर लिहून घेतोस का?" मी नको म्हटलं. बंद कंपनीच्या लेटरहेडवर आजची सही कुणाची? त्यापेक्षा रजिस्टरच्या पानांच्या प्रती घेतल्या, पीएफ पासबुक जोडलं, दोन जुन्या सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं केली, आणि कंपनी बंद का झाली याचं माझं स्वतःचं पत्र. पीआर झाला. वहिनींना सांगायला गेलो तर त्यांनी मालकांच्या फोटोपुढं पेढा ठेवला.

रामदासपेठ९० :
@हिंगणा_वर्कशॉप ते लेटरहेड नाकारलंत, फार बरं केलंत. माझ्या ओळखीतल्या एकाला एजंटनं "पत्र आम्ही देतो" म्हणून पैसे घेऊन तयार पत्र दिलं. तिकडून पडताळणीचा फोन गेला, त्या नंबरवर कुणालाच काही माहीत नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली अर्ज फेटाळला आणि ५ वर्षांची बंदी. हुशार मुलगा, खरा अनुभवही होता, पण आता तो सांगूनही कुणी ऐकत नाही. अजूनही राग येतो मला त्या एजंटचा. पोरांच्या घाईवर जगतात हे लोक.

आणि एक, कॅनडा प्रत्येक व्यवसायाला एक कोड देतं, आपल्या कोडखाली त्यांच्या सरकारी वेबसाइटवर जी कामं दिली आहेत ती जशीच्या तशी पत्रात उतरवू नका. तुम्ही जे केलं ते तुमच्या कामाच्या भाषेत येऊ द्या. कोडही तपासा, नोव्हेंबर २०२२ पासून पाच आकडी झालेत.

खामला_कट्टा :
प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर १०० चाच चालतो ना?

हिंगणा_वर्कशॉप :
नाही, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा झालाय. माझ्या वेळी १०० होता.

वॉर्डनंबरतीन :
घरी पोचले. @रामदासपेठ९०, तुमच्या ओळखीच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. त्याला म्हणावं पीएफचे कागद, स्लिपा सांभाळून ठेव, पाच वर्षांनीही अनुभव खराच असतो.
@धंतोलीची_काकू रेसिपी टाकाच. माझी मैत्रीण हॅलिफॅक्सला आहे, तिला पाठवते.

रामदासपेठ९० :
सांगतो त्याला. आभार.

बुटीबोरीचा_भाऊ :
हिंगणा भाऊ, तुमचं मस्टर मराठीत होतं का इंग्रजीत? आमच्या एका पोट्ट्याचं सगळं मराठीत आहे, दोन दिवसांपासून डोकं धरून बसला आहे.

हिंगणा_वर्कशॉप :
मराठीत होतं. इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि भाषांतर करणाऱ्याचं शपथपत्र जोडा, मूळ पानाच्या प्रतीसकट. भाषांतर घरच्या माणसानं केलेलं चालत नाही, तेवढं सांगा त्याला. मला व्यनि (खाजगी निरोप) करायला सांगा, मी माझ्या पानांचा नमुना दाखवतो.