मदत हवी आहे: मुलांच्या मनाबद्दल शिक्षकांना ट्रेनिंग कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी, मी बीड जिल्ह्यात जि.प. शाळेत सहावीला शिकवते. दिवाळीनंतर निम्म्या वर्गाचे आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं आजीकडे राहतात. एक मुलगी आहे, आई ऊसतोडीला गेल्यापासून दिवसभर पाठीवरचं दप्तर काढतच नाही, विचारलं की नुसती मान खाली, आणि खरं सांगते मला पुढं काय बोलावं तेच सुचत नाही, कारण डीएडला हे कुणी शिकवलंच नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत मला याच विषयावर तासभर मिळालाय. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांना वर्षाला ५० तास प्रशिक्षण म्हटलंय, पण आमचे तास ॲप आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच जातात, म्हणून हा एक तास वाया घालवायचा नाहीये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फळ्याशेजारी लावलाय, तो फुकट आहे, पण अकरा वर्षांचं पोरगं आपणहून फोन करेल का हो?

कुणी समुपदेशक किंवा शिक्षक असाल तर प्लीज सांगा, अशा मुलांशी पहिलं वाक्य काय बोलायचं, आणि तासाभरात चाळीस शिक्षकांकडून नेमकं काय करून घेऊ? भाषण नकोय, करून बघता येईल असं काहीतरी हवंय.