मदत हवी आहे: ११ वर्षांच्या लेकीला इन्सुलिन पंप आत्ता घ्यावा का? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

थोडं सविस्तर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही कोल्हापुरात, शिवाजी पेठेत राहतो. मुलगी ११ वर्षांची. टाइप १ डायबिटीस निघून पावणेतीन वर्षं झाली. सध्या इन्सुलिनच्या पेनवर (पेनासारखं सुईचं इंजेक्शन) आहे. रात्री दिवसभर चालणारं एक इन्सुलिन आणि तिन्ही जेवणांआधी झटपट काम करणारं दुसरं. शाळेत डब्याआधीचं ती स्वतः टोचून घेते. मागच्या वेळी एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ८.४ आलं. डॉक्टर म्हणाले, "पंपाचा विचार करा, घाई नाही." (पंप म्हणजे अंगाला लावून ठेवायचं, नळीतून थोडं थोडं इन्सुलिन सोडत राहणारं यंत्र.) दोन महिने झाले, आमचं काही ठरत नाहीये.

पेठेत वाढलेलं पोर, त्यामुळे फुटबॉल आलाच. पाऊस नसेल तर रोज संध्याकाळी गांधी मैदानावर असते. खेळून आली की साखर १६०-१७० असते. जेवते, इन्सुलिन घेते, झोपते. आणि साखर खरी उतरते ती मध्यरात्रीनंतर. मी तीनचा गजर लावते. आधी तिच्या मानेमागे हात घालते. केस ओले लागले की मीटर लावायच्या आधीच मला कळतं. मग बोट टोचायचं (बोटांच्या कडा आता खरखरीत झाल्यात), उठवून बसवायचं, ३ चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून द्यायचं, १५ मिनिटं थांबून परत टोचायचं. ती पेला हातात धरून बसल्या बसल्या डुलक्या घेते. सकाळी तिला यातलं काही आठवत नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी १४ दिवस दंडाला साखर मोजत राहणारा सेन्सर लावून बघायला सांगितला. सकाळी उपाशीपोटी १२० च्या आसपास यायचं म्हणून मी निर्धास्त होते. आलेख उघडला तर १४ पैकी ५ रात्री ती ७० च्या खाली गेलेली, एकदा तर ५६. मी तीनला बघायचे आणि ती दीडला खाली जाऊन तीनपर्यंत आपोआप वर आलेली असायची. म्हणजे कितीतरी रात्री मी आकडा बघून, पांघरूण सारखं करून परत झोपले होते. हा सेन्सर मोबाईल जवळ नेला तरच आकडा दाखवतो, स्वतःहून वाजत नाही. शाळेत तर मोबाईल नेऊच देत नाहीत.

आता पैशांचं. ह्यांची शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत नोकरी, मी पतसंस्थेत. पंपाचं कोटेशन पाच लाखांच्या वर आलंय. शिवाय दर महिन्याला सेट (पंपातून अंगात इन्सुलिन नेणारी नळी), रिझर्व्हॉयर (पंपातली इन्सुलिनची कुपी) आणि पंपाचा स्वतःचा सेन्सर. मेडिक्लेममध्ये बसत नाही असं लेखी कळवलंय. सासूबाई पाटल्या मोडायला तयार आहेत, त्यांनी दोनदा काढून माझ्या हातात ठेवल्या. पाटल्यांत पंप येईलही. पण पतसंस्थेत मी रोज बघते, गाडी घेणारा हप्ता मोजतो आणि पेट्रोल मोजायचं विसरतो. मला पेट्रोलची भीती आहे.

आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिचं एकच म्हणणं, "मी न्हाई लावणार. कमरंला डबा लावून खेळलो तर पोरी इचारतील."

ज्यांच्या घरी पंप आहे त्यांनी कृपया सांगा. धक्काबुक्कीच्या खेळात त्याचं काय करता? कोल्हापूरच्या पावसात आणि घामात चिकटपट्ट्या टिकतात का? आणि सामान अडकलं तर? २०१९ च्या ऑगस्टमध्ये हायवे पाण्याखाली गेला तेव्हा गावात दूध-पेट्रोल मिळत नव्हतं. तेव्हा तिला हे दुखणं नव्हतं. आता तसं झालं आणि पुण्याहून येणारा सेट वाटेत राहिला तर मी काय करू, हा विचार डोक्यातून जात नाही.

प्रतिसाद: सांगलीहून (मुलगा १३ वर्षांचा, पंपावर तिसरं वर्ष)

ताई, तुमच्या तीनच्या गजराचं वाचलं आणि आमच्या घरचेच दिवस आठवले.

आधी खेळाचं. आमचा कबड्डी खेळतो. पंप नळीसकट सुटतो. अंगावर फक्त कॅन्युलाची (कातडीखाली जाणाऱ्या बारीक नळीची) छोटी चकती राहते. तासभर काढून ठेवला तर चालतं, त्याहून जास्त नको. खेळायच्या तासभर आधीच पंपाला साखरेचं तात्पुरतं वरचं लक्ष्य देऊन ठेवतो, म्हणजे तो इन्सुलिन कमी सोडतो. खेळाचा परिणाम कित्येक तास राहतो. तुमच्या लेकीची साखर रात्री उतरते ती त्यामुळेच. पेनवर असतानाही खेळाच्या दिवशी रात्रीचा डोस कमी करता येतो का हे डॉक्टरांना लगेच विचारा. त्यासाठी पंपाची वाट बघू नका.

आता जे आम्हाला कुणी नीट समजावलं नव्हतं ते सांगतो. पंपात फक्त झटपट चालणारं इन्सुलिन असतं, मागे दिवसभराचं काहीच नसतं. पहिल्याच उन्हाळ्यात एका लग्नात पोरगं जेवलं आणि दोन तासांत ३४०. पंपातूनच जादा डोस दिला. तासाभराने ३८०. पोटात मळमळायला लागलं. मंगल कार्यालयाच्या खोलीत सेट उपसून बघितला तर कॅन्युला मधोमध दुमडलेली, म्हणजे दिलेलं इन्सुलिन आत गेलंच नव्हतं. लघवीची पट्टी लावली तर कीटोन्स (इन्सुलिन कमी पडल्याची धोक्याची खूण). पेनने डोस दिला, नवा सेट बसवला, पाणी पाजत राहिलो. त्या दिवसापासून घरातला नियम आहे: साखर २५० च्या वर आणि दुरुस्तीच्या डोसाने उतरत नसेल, तर यंत्रावर भरवसा नाही, पेन काढायचं. पंप असला तरी पेन, सुया, कीटोनच्या पट्ट्या कायम सोबत.

तुमच्या पुराच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आलं. सामान अडकलं तर पेनवर परत यायचं. मात्र पेनवरचे डोस किती, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि दोन्ही इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा. आम्ही जूनमध्येच सहा आठवड्यांचे सेट भरून ठेवतो. आमचा पंप एका पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही. सेन्सरच्या ट्रान्समीटरला मात्र चार्जिंग लागतं. पॉवर बँक भरलेली ठेवा.

चिकटपट्टी: आंघोळीनंतर लगेच लावू नका, कातडी पूर्ण कोरडी होऊ द्या, तेल-पावडर नको, वरून जादा पट्टी मारा. तरी पावसाळ्यात एखादी सुटतेच.

जेवणाचं एक. पंप घेतला तरी कार्ब मोजणं सुटत नाही. भाकरी मोजू नका, पीठ मोजा. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी म्हणजे साधारण ३५ ग्रॅम कार्ब. आमच्या हिनं महिनाभर काट्यावर पीठ मोजलं, आता मुठीचा अंदाज बसलाय. मिसळ आणि मटणाच्या रश्श्याला मात्र तेल-चरबीमुळे साखर तीन-चार तासांनी वर येते, त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

प्रतिसाद: पुण्याहून (मला स्वतःला टाइप १, २२ वर्षं झाली)

मी चार वर्षं पंप वापरला आणि आता परत पेन अधिक सेन्सरवर आहे. पंप वाईट म्हणून नाही, महिन्याचा खर्च झेपेना म्हणून. तुमची पेट्रोलची भीती खरी आहे.

तुमचा आजचा धोका रात्रीचा आहे. त्यावर पहिला इलाज स्वतःहून वाजणारा सेन्सर, तो पंपाशिवायही घेता येतो. मिनिमेड ७८०जी सारखा पंप दर ५ मिनिटांनी सेन्सर बघून इन्सुलिन कमी-जास्त करतो, रात्री त्याचा मोठाच आधार होतो. पण जेवणाचं त्याला सांगावंच लागतं. मुलीनं मनापासून स्वीकारला नाही तर ती शाळेत बटण दाबणार नाही, आणि मग एवढ्या महागाच्या यंत्राचा उपयोग होत नाही.

सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून तो काही मिनिटं मागे असतो. त्या दंडावर झोपली तर खोटा कमी आकडाही दाखवतो. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचा.

आणि एक गोष्ट आजच बघा. तिच्या पोटावर, मांडीवर जिथे टोचता तिथे हात फिरवा. गाठी लागतात का?

प्रतिसाद: कसबा बावड्यातून

माझ्या भाचीला पंप आहे. आतून मऊ कापड आणि रुंद इलॅस्टिक लावून मी तिला कमरेच्या पिशव्या शिवून दिल्यात, युनिफॉर्मच्या आत कळतही नाहीत. तुमच्या लेकीला घेऊन या, मापं घेते. भाचीही असेल तेव्हा, दोघी बोलतील.

धागाकर्तीचा प्रतिसाद (दहा दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री हात फिरवला. बेंबीच्या डाव्या बाजूला दोन गाठी, एक चांगली आवळ्याएवढी. मला कशी कळली नाही याचं फार वाईट वाटतंय. तिला विचारलं तर म्हणाली, "तितं दुखत न्हाई म्हणून तितंच टोचतो." डॉक्टरांना दाखवलं. गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी एकदम जास्त शोषलं जातं, वर-खाली होण्यात त्याचाही वाटा असणार, असं ते म्हणाले. ती जागा आता पूर्ण बंद. चांगल्या जागी इन्सुलिन जास्त लागू पडेल म्हणून त्यांनी डोस कमी करून दिलेत, आणि खेळाच्या दिवशीचा रात्रीचा वेगळा लिहून दिलाय.

पाटल्या सासूबाईंच्या हातात परत घातल्या. तीन महिने वाजणारा सेन्सर लावायचा, खर्च झेपतो का बघायचं, आणि दिवाळीनंतर पंपात नुसतं सलाइन भरून आठवडाभर लावून बघायचं, असं डॉक्टरांशी बोलून ठरवलंय. बावड्याला जाऊन आलो. दोघी मुली माडीवर गेल्या त्या तासभर खाली आल्या नाहीत. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही, पण येताना गाडीवर मागून विचारलं, "आई, पंपाला काळी पिशवी मिळंल?"

आता एकच विचारायचं राहिलं. सेन्सर परवा येतोय. रात्रीचा अलार्म तुम्ही कितीवर लावता, ७० वर की ८० वर? ८० वर लावला तर वेळ हाताशी राहील असं मला वाटतं. पण रोज रात्री चार-चारदा वाजला तर ती दंडावरून काढून टाकेल, अशीही भीती वाटते.