साहेब बोटीवर, बिलांवर सही कुणाची?

प्रश्न: मी केंद्राच्या एका दीपगृह कार्यालयात लेखा शाखेत आहे. साहेब बेटावर तपासणीला गेले की बिलं अडतात. जनरेटरच्या डिझेलवाल्याचं बिल आठवडाभर टाचणीसकट तसंच पडलंय. तो रोज दाराशी येऊन उभा राहतो, मला बघवत नाही. दुसऱ्या कुणी सही केली तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण लेखी आदेश हवा. कार्यालयप्रमुख हाताखालच्या राजपत्रित अधिकाऱ्याला बिलावर सहीचा अधिकार देऊ शकतात. त्याचं नाव आणि नमुना सही वेतन व लेखा कार्यालयाला कळवा. खर्चाची मंजुरी मात्र वेगळी, ती यात येत नाही.

उत्तर: आणि बिल बरोबर असण्याची जबाबदारी प्रमुखांचीच राहते. तोंडी ‘कर सही’ ऐकू नका.

प्रश्नकर्ती: मंजुरी आधीच झालीय. टिपणी आजच ठेवते.