अ‍ॅटिकस फिंच: आदर्श बाप की नुसताच सज्जन माणूस?

रिकामटेकडा
'टु किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी (१९६०) परत वाचली आणि परत तेच वाटलं, बाप असावा तर असा. न वाचलेल्यांसाठी: १९३० च्या दशकातलं अलाबामातलं मेकम नावाचं काल्पनिक गाव, गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ आलेला काळा मजूर टॉम रॉबिन्सन, आणि त्याची केस लढणारा हा अ‍ॅटिकस, विधुर वकील, दोन पोरांचा बाप. गाव नावं ठेवतंय, पोरं टोमणे खातायत, गडी ढिम्म. मला कोर्टापेक्षा तुरुंगाबाहेरची रात्र भारी वाटते. लांब वायरला बल्ब लावून दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलाय, टॉमला मारायला लोक येतील हे माहितीये, आणि जवळ बंदूक नाही!

कडूकारलं
बल्ब वगैरे ठीके हो, पण केस त्याने स्वतःहून घेतली का? जज टेलरने गळ्यात घातली. असली केस आयुष्यात आपल्या वाट्याला येऊ नये असं तो भावाला स्वतःच सांगतो. वर हा माणूस आमदार! काळ्यांनी कोर्टात वर गॅलरीत बसायचं, याबद्दल कधी चकार शब्द काढलाय? मन्रो फ्रीडमन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने १९९२ मध्येच हे विचारलं होतं, तेव्हा वकील मंडळी भयंकर चिडली होती म्हणे.

वकीलीणबाई
कारलेबुवा, गळ्यात पडलेली केस कशी लढतात ते आम्ही रोज बघतो. तारीख पे तारीख आणि हात वर. याने मेयेलाच्या, म्हणजे आळ घेणाऱ्या त्या पोरीच्या बापाला भर कोर्टात नाव लिहायला लावलं, तो निघाला डावखुरा. पोरीला मार लागलेला चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, आणि टॉमचा डावा हात लहानपणी जिनिंगच्या मशिनीत सापडून निकामी झालेला. याउपर ज्युरीने दोषी ठरवलं तर वकिलाने काय करायचं?

पुस्तककिडा
त्याच लेखिकेचं २०१५ चं 'गो सेट अ वॉचमन' विसरलात वाटतं. त्यात म्हातारा अ‍ॅटिकस वर्णभेदवाल्यांच्या सभेत जाऊन बसतो.

रिकामटेकडा
ते लिहिलं गेलं आधी आणि छापलं नंतर. कच्च्या खर्ड्यावरून माणसाला फाशी देऊ नका.

भटकभवानी
सगळे आदर्श बाप आदर्श बाप करतायत, टॉम पण बाप होता की राव, तीन पोरांचा. स्वतःचं काम सांभाळून मेयेलाला लाकडं फोडून द्यायचा, पाणी भरून द्यायचा, एक पैसा घेत नव्हता आणि कोर्टात खरं बोलला की तिची कीव आली म्हणून केलं, तेच त्याला नडलं. काळ्याने गोऱ्या बाईची कीव करायची म्हणजे काय! शेवटी तुरुंगातून पळताना सतरा गोळ्या. गावाला आदर्श पाहिजेच होता तर हा काय वाईट होता? पण नाही, आपल्याला सूटवाला लागतो.

वकीलीणबाई
हे मान्य. पण गोष्ट त्याची लेक स्काउट सांगतेय, तेव्हाची आठनऊ वर्षांची पोर. तिला स्वतःचा बापच दिसणार ना?

भटकभवानी
तिचं ठीक आहे हो, ती लहान होती. आपलं काय?

कडूकारलं
+१ भवानी. आणि रिकामटेकडे, तुम्ही आमदारकीवर अजून काहीच बोलला नाहीत.