मदत हवी आहे: माळवदाच्या सागवानावर मशीन चालवायचंय, गॉगल-मास्क-हातमोजे नेमके कुठले घ्यावेत?

राम राम मंडळी,

औसा तालुक्यातलं आमचं जुनं माळवदाचं (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं) घर यंदा उतरवलं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपापासून त्याची एक भिंत फुगलेलीच होती, टेकू देऊन आजवर ओढलं. माती-दगड हलवल्यावर तुळया, कड्या, खांब आणि ऑइलपेंट मारलेल्या दोन चौकटी असं बरंच सागवान हाती आलंय. लाकूडवाला फुटाच्या भावानं मागायलाय, पण द्यावं वाटंना. त्यातून घरासाठी एक दिवाण, जेवणाचं टेबल आणि जमलं तर देवघर करायचं डोक्यात आहे.

हत्यारं जमली आहेत: सात इंची सर्क्युलर सॉ, इलेक्ट्रिक रंधा, ड्रिल, सँडर आणि खिळे कापायला चार इंची ग्राइंडर. मी शाळेत नोकरीला, त्यामुळे काम सुट्टीच्या दिवशी, अंगणात पत्र्याखाली. सोबतीला भाचा आहे. कामाला वाघ, पण पायात चप्पल आणि गळ्यात गमछा. ‘मामा, काही होत नाही’ हे त्याचं पेटंट वाक्य.

लातूरच्या गंजगोलाईत एका दुकानात सेफ्टीचं सामान मागितलं तर त्यानं एक पाकीट काढून दिलं. एक पारदर्शक गॉगल, ठिपकेवाले सुती हातमोजे, कापडी मास्क आणि दोरीला बांधलेले केशरी इअरप्लग. ‘सगळ्या कामाला चालतंय सर.’ गॉगलवर ना कसला नंबर ना मार्क. कडेला प्लास्टिकची शिवण तशीच उभी, नाकावर टोचते. मला लांबचा नंबर आहे, चष्म्यावरून तो गॉगल चढवला की दोन्हीच्या दांड्या कानशिलावर दाबतात, आणि आखलेली पेन्सिलीची रेघ कडेला वाकडी दिसते. रेघच वाकडी दिसली तर मी कापू काय? वर मे महिन्यातलं आपलं ऊन. मास्क लावला की मिनिटाभरात काच पांढरी.

तर विचारायचंय असं की नंबरचा चष्मा असणाऱ्यानं डोळ्यांसाठी काय घ्यावं? नुसता फेस शील्ड चालेल का? मास्क कुठला, की ओला गमछा बांधला तरी भागतं? हातमोजे घालावेत की नाही, कारण दोन सुतारांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या. आणि कानाचं खरंच एवढं असतं का, की ते कारखानेवाल्यांचं खूळ? बजेट बेताचं आहे. आधी काय घ्यावं आणि काय नंतर, तेही सांगा.

वाळूज_टूलरूम

सर, ते पाकीट परत करता आलं तर करा. इअरप्लग तेवढे ठेवा.

डोळ्यांपासून सुरू करतो. चार इंची ग्राइंडर बिनलोडचा मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. डिस्कची कड तेव्हा सेकंदाला ५७ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या पुढे पळत असते. तिचा तुकडा निघाला तर तो त्याच वेगानं निघणार. म्हणून गॉगलवर मार्क बघायचा. युरोपचं मानक ईएन १६६, अमेरिकेचा झेड ८७ आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह, आपल्याकडचं आयएस ५९८३. ईएन १६६ मध्ये काचेवर एक अक्षर असतं. ‘एफ’ म्हणजे सेकंदाला ४५ मीटर वेगानं आलेली छोटी पोलादी गोळी सोसणारा, ‘बी’ म्हणजे १२० मीटरची. चष्म्यासारख्या दांडीच्या गॉगलला ‘एफ’च्या वर मिळत नाही. ‘बी’ हवा तर पट्ट्याचा, चेहऱ्याला चहूबाजूंनी टेकणारा घ्यावा लागतो.

चष्मा असेल तर पट्ट्याचाच बरा. त्यात चष्म्यावरून बसणारे मिळतात, दांड्यांना आतून जागा सोडलेली असते. हवेची भोकं थेट समोर उघडणारी नकोत, झाकलेली हवीत, नाहीतर भुसा आत जातो. नुसता फेस शील्ड चालत नाही. तो चेहरा वाचवतो, पण खालून उसळलेला कण सरळ डोळ्यात येतो. ग्राइंडरला आत गॉगल आणि वर शील्ड, दोन्ही. करवतीला गॉगल पुरे.

आणि काच पांढरी होते ती बहुतेक मास्कमुळे. नाकावरची पट्टी नीट दाबलेली नसली की श्वास वर निघतो आणि गॉगलमध्ये शिरतो. आधी मास्क, मग गॉगल. पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या आकारात बसवा. उच्छ्वासाच्या व्हॉल्व्हचा मास्क घेतला तर उन्हाळ्यात फार फरक पडतो. गॉगल ‘अँटीफॉग’ लिहिलेला घ्या आणि कोरड्या कापडानं खसाखसा पुसू नका, तो थर निघून जातो.

रंधेवाला (नांदेड)

हातमोज्याचं मी सांगतो. दोन्ही सुतार बरोबर आहेत, कामं वेगळी आहेत.

करवत, रंधा, ड्रिल: मोजे नाहीत. तुमच्याकडचे ते ठिपकेवाले तर अजिबात नाहीत. ड्रिलच्या बिटात सुती मोज्याचा एक धागा अडकला की मोजा गुंडाळला जातो आणि आत हात असतो. उघड्या बोटाला बिट लागलं तर कापतं, मोज्याला लागलं तर ओढून घेतं. ग्राइंडरला घट्ट बसणारे चामडी चालतात, ठिणग्यांसाठी. आणि तुळया उचलताना, कुसळं टोचू नयेत म्हणून जाड मोजे जरूर घाला.

त्याच कारणानं भाच्याच्या गळ्यातला गमछा, मनगटावरचे दोरे, अंगठी, सगळं काढायला लावा. बाह्या एक तर घट्ट बटण लावून, नाहीतर कोपराच्या वर.

आता माळवदाच्या लाकडाचं. मी असं लाकूड बरंच कापलंय. त्यात लोहाराच्या हातचे चौकोनी खिळे असतात, डोकं तुटून आत राहिलेले, वरून काहीच दिसत नाही. सर्क्युलर सॉच्या पात्याचे कार्बाइडचे दात खिळ्यावर आदळले की तुटून उडतात. गॉगल त्यासाठी हवाय, भुशासाठी नव्हे. आधी तारेच्या ब्रशनं माती झाडा, मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून लाकडावरून हळूहळू फिरवा. जिथं ओढलं जाईल तिथं खडूनं गोल करा. आत खोल गेलेला खिळा चुंबकाला सापडत नाही, म्हणून काळा डाग दिसेल तिथंही गोल करा. सागवानात लोखंड गंजलं की भोवतीचं लाकूड काळं पडतं.

बांधावरचा

आमच्या चुलत्यानं पन्नास वर्षं सुतारकी केली. गॉगल नाही, मास्क नाही. काही झालं नाही. उगं खर्चात पाडू नका माणसाला.

रंधेवाला (नांदेड)

भाऊ, तुमच्या चुलत्याकडं वाकस, पटाशी आणि हातकरवत होती. ती मिनिटाला ११,००० फेरे घेत नव्हती. आणि हाताच्या रंध्याची सालपटं निघतात, ती खाली पडतात. सँडरचं पीठ निघतं, ते हवेत राहतं.

वाळूज_टूलरूम

पिठावरून आठवलं, मास्कचं राहिलं. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच नोंदवलंय, मुख्यतः नाकाचा. शिवाय सागवानाच्या धुळीनं काहींच्या अंगाला खाज सुटते, दमा बळावतो. ओल्या गमछ्यातून जाडा भुसा अडतो, बारीक पीठ कडेनं आत जातं. आयएस ९४७३ लिहिलेला एफएफपी २ घ्या, तो किमान ९४ टक्के कण अडवतो. दोन पट्टे डोक्यामागून जाणारे असावेत, कानात अडकवायचे सैल बसतात. आणि दाढी असेल तर कुठलाच मास्क नीट चिकटत नाही, हे भाच्याला आधीच सांगा, मग रुसू दे.

ऑइलपेंटच्या त्या चौकटींवर मात्र सँडर लावू नका. जुन्या रंगात शिसं असतं. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली, तुमच्या चौकटी त्याच्या कितीतरी आधीच्या. पाणी मारून ओला ठेवून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, पोरांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नका.

कानसेन

कानाचं खूळ नाही सर. मी ऑडिओमेट्रीचं, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीचं काम करतो. कारखान्यातले कामगार तर येतातच, पण फॅब्रिकेशनवाले आणि फर्निचरवालेही येतात. त्यांची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी नसते. ‘लोक पुटपुटतात’, ‘नातवाचं बोलणं कळत नाही’ अशी असते. बारीक, चढे आवाज आधी जातात. गेलेलं परत येत नाही.

हिशोब असा. ८५ डेसिबल आठ तास, आणि तिथून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. ग्राइंडर आणि सर्क्युलर सॉ सहज १०० च्या आसपास जातात, वर तुम्ही पत्र्याखाली, आवाज घुमणार. म्हणजे सकाळच्या चहाआधीच दिवसभराचा कोटा संपला.

उन्हाळ्यात इअरमफ नको वाटतो, घाम येतो, आणि चष्म्याची दांडी मध्ये आली की फट पडते. तुम्हाला फोमचे प्लगच बरे. पण नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर काही उपयोग नाही. बोटांत वळून बारीक करायचे, उलट्या हातानं डोक्यावरून कान वर-मागं ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचाच आवाज घागरीत बोलल्यासारखा येतो. कापूस चालत नाही. मोबाइलवर गाणी लावलेले इअरफोनही नाहीत, आवाज वाढवून दुहेरी नुकसान.

गावठी_करवत (धागाकर्ता)

मंडळी, एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. पाकीट परत घेतलं त्यानं, कुरकुर करत. चुंबक मिळालं, शाळेतल्या बंद पडलेल्या लाउडस्पीकरचं. पहिल्याच तुळईवर खडूची नक्षी झाली आहे.

आधी चष्म्यावरचा पट्ट्याचा गॉगल आणि एफएफपी २ घेतो. मग भाच्याला पुढं कडक टोपी असलेले बूट, कारण तुळई दोघांनीच उचलायची आहे. फेस शील्ड ग्राइंडर बाहेर काढायच्या आधी. तोवर खिळे पकडीनं आणि पहारीनं.

अजून दोन शंका. एक, भाचा म्हणतो ग्राइंडरलाच लाकडाचं दातेरी पातं लावू, लांब फळीला सोपं जाईल. दुसरी, नंबरचाच सेफ्टी चष्मा बनवून मिळतो का?

रंधेवाला (नांदेड)

पहिलीचं उत्तर: नाही. कुठल्याही सबबीवर नाही. ग्राइंडरला करवतीसारखं खालून झाकणारं गार्ड नसतं, पातं लाकडात अडकलं की मशीन उसळून मांडीवर नाहीतर गळ्यावर येतं. मार्बल कटर उलटा करून प्लायखाली बसवतात, तेही त्याच जातीचं काम. यावर कुठला गॉगल अन् कुठला मोजा, काहीच वाचवत नाही.

आणि एक आपल्याकडचं. काम चालू असताना लाइट गेली की पहिला हात ग्राइंडरच्या खटक्यावर, मग प्लग बाहेर, मग चहा. सरकवायचा खटका चालूच राहतो, लाइट आली की टेबलावर ठेवलेलं मशीन आपणहून पळतं. बोर्डाला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा खटका) बसवून घ्या, अंगणातली फरशी ओली असते.

बूट आयएस १५२९८ भाग २ चे बघा, पुढं २०० जूलची टोपी असते.

वाळूज_टूलरूम

डिस्कवर दोन गोष्टी वाचत जा, सर. त्यावरचे फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असायला हवेत, आणि मधल्या धातूच्या कड्यावर महिना-वर्ष छापलेलं असतं, ती मुदत. पावसाळाभर ओल्या कोपऱ्यात पडलेली डिस्क टाकून द्या, मुदत असली तरी. ग्राइंडरचं गार्ड काढलेलं असेल तर ते आधी बसवा. जुन्या मशीनचं बहुधा काढलेलंच असतं.

नंबरचा सेफ्टी चष्मा मिळतो. चष्म्याच्या दुकानात पॉलिकार्बोनेटची काच आणि बाजूला झडपा असलेली सेफ्टी फ्रेम असं स्पष्ट सांगा. ‘फायबरची काच’ म्हणून जी नेहमी देतात ती वेगळी, तिच्यावर भागवू नका. पण वेळ लागतो आणि पैसेही, म्हणून तोवर चष्म्यावरचा गॉगल ठीक.

डोळ्यात लोखंडाचा कण गेलाच तर रुमालाचं टोक, काडी, चुंबक काही लावू नका आणि चोळू नका. वरवरचा असेल तर स्वच्छ पाण्यानं निघतो, रुतल्यासारखा वाटला तर तसाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. उद्यावर टाकू नका, रुतलेल्या लोखंडाभोवती बुबुळावर गंज धरतो.

लातुरात न मिळालं तर जालना किंवा चिकलठाणा एमआयडीसीच्या बाहेर सेफ्टी सामानाची दुकानं आहेत, तिथं सुटा माल मिळतो. जाताना स्वतःचा चष्मा आणि मास्क दोन्ही घालून जा, गॉगल त्यावर चढवा आणि खाली फरशीकडे बघा, कारण काम करताना तुम्ही खालीच बघणार आहात. फरशीच्या सांध्याची रेघ सरळ दिसली आणि गॉगल घसरला नाही, तर तो घ्या.