सीएची नवी रचना : मुलाने बारावीनंतर फाउंडेशन द्यावी की पदवीनंतर थेट प्रवेश घ्यावा?

प्रश्न – एक पालक, मिरज

माझी मुलगी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आणि मुलगा बारावी वाणिज्यला आहे. दोघांनाही सीए व्हायचे आहे. १ जुलै २०२३ पासून अभ्यासक्रमाची रचना बदलली, एवढे मला ठाऊक आहे. परंतु आम्हाला सल्ला देणारी ओळखीची सर्व मंडळी जुन्या रचनेतून उत्तीर्ण झालेली आहेत. त्यांच्या मते मुलाने आधी पदवी घ्यावी, ५५ टक्के गुण मिळवावेत आणि फाउंडेशन ही पहिली परीक्षा टाळून थेट इंटरमिजिएट या दुसऱ्या टप्प्याला नोंदणी करावी, कारण तसे केल्यास आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचे सक्तीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण) लगेच सुरू होते आणि वेळ वाचतो. हे आजही खरे आहे का? शिवाय दोघांचेही शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, त्याची अडचण कितपत येईल?

उत्तर – व्यवसायरत सनदी लेखापाल, पुणे

मी स्वतः पदवीनंतर थेट प्रवेश घेतला होता, म्हणून हा सल्ला कोठून येतो ते मी जाणतो. त्या वेळी थेट प्रवेश घेणाऱ्याला नोंदणी आणि सुरुवातीचे प्रशिक्षण वर्ग पूर्ण होताच आर्टिकलशिप सुरू करता येत असे आणि नऊ महिने काम झाल्यावर तो इंटरमिजिएटला बसत असे. नव्या रचनेत हा क्रम राहिलेला नाही. आता कोणत्याही मार्गाने आलेल्या विद्यार्थ्याला इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप (प्रत्येकी तीन पेपरांचे गट) उत्तीर्ण झाल्याशिवाय आर्टिकलशिप सुरू करता येत नाही. पूर्वी फाउंडेशनमार्गे आलेल्यांना एका ग्रुपवरही ती मिळत असे. ती सोयही गेली.

आता महिने मोजून पाहा. बारावीच्या मार्गात फाउंडेशनचे ४, इंटरमिजिएटचे ८, आर्टिकलशिपचे २४ आणि त्यानंतर फायनल या शेवटच्या परीक्षेच्या अभ्यासाचे ६, असे किमान ४२ महिने होतात. थेट प्रवेशात त्यांतले पहिले ४ महिने तेवढे वगळले जातात आणि ३८ उरतात. म्हणजे चार महिने वाचवण्यासाठी आपला मुलगा तीन वर्षे थांबणार. पदवी हवीच असेल तर ती सोबतीने घेता येते. त्याने बारावीत असतानाच १ जानेवारीपर्यंत फाउंडेशनची नोंदणी केली, तर बारावीची परीक्षा आटोपल्यावर मे-जूनच्या सत्रात त्याला बसता येईल. दहावीनंतरही ही नोंदणी करता येते. परीक्षा मात्र बारावी उत्तीर्ण झाल्यावरच देता येते.

मुलीसाठी थेट प्रवेश हाच योग्य मार्ग आहे, कारण तिची तीन वर्षे होतच आली आहेत. पदवीच्या शेवटच्या वर्षात तात्पुरती नोंदणी मिळते, तेव्हा निकालाची वाट पाहत बसू नका. वाणिज्य पदवीधरांना ५५ टक्के आणि अन्य शाखांच्या पदवीधरांना साधारणपणे ६० टक्के लागतात. तेवढे गुण न मिळाल्यास ती नोंदणी टिकत नाही आणि फाउंडेशनपासून सुरुवात करावी लागते, हे मात्र तिला आधीच स्पष्ट सांगा.

उत्तर – आर्टिकल विद्यार्थिनी, नाशिक

मी नव्या अभ्यासक्रमातून इंटरमिजिएट उत्तीर्ण झाले आहे. आठाऐवजी सहा पेपर झाले म्हणून अभ्यास हलका झाला, असे समजू नये. लेखांकनाचे दोन पेपर एकत्र आले, स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट आता फायनान्शियल मॅनेजमेंटच्या पेपरात आहे, आणि खरोखर वगळले गेले ते माहिती प्रणाली व अर्थशास्त्र. प्रत्येक पेपरात ३० गुण बहुपर्यायी प्रश्नांना आहेत. प्रत्येक विषयात ४० आणि ग्रुपमध्ये सरासरी ५० टक्के, ही अट पूर्वीसारखीच आहे. ही सरासरीच अनेकांना अडवते. प्रत्येक विषयात ४५ गुण मिळवूनही ग्रुप राहून जातो.

फायनलचेही सहाच पेपर उरले आहेत. कंपनी कायदा आणि स्ट्रॅटेजिक कॉस्ट हे विषय आता स्वतःच्या गतीने करायच्या ऑनलाइन मॉड्यूलमध्ये गेले असून अशा चार संचांत प्रत्येकी ५० टक्के मिळवल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. मी ते आर्टिकलशिपमध्येच संपवत आहे. दोन वर्षांत जेमतेम २४ रजा मिळतात, त्यामुळे हे काम शेवटच्या सहा महिन्यांवर ढकलणे मला धोक्याचे वाटते.

उत्तर – वाणिज्य महाविद्यालयातील शिक्षक, सोलापूर

माध्यमाच्या प्रश्नाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण चांगली तयारी असलेली मुले येथे खचताना मी पाहिली आहेत. सीएची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून देता येते, मराठीतून नाही. पुस्तपालन व लेखाकर्म मराठीत शिकलेल्या मुलाला तेरीजपत्रक, घसारा, ताळेबंद या संकल्पना नीट समजलेल्या असतात. हिशेबाच्या पेपरात तो फारसा अडत नाही, महिन्याभरात संज्ञा रुळतात. खरी कसोटी कायदा आणि ऑडिट या विषयांत लागते, कारण तेथे स्वतःच्या वाक्यांत तरतूद मांडून निष्कर्ष लिहावा लागतो. फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी लेखांकन आणि कायदा हे दोन लेखी आहेत, उरलेले दोन वस्तुनिष्ठ असून त्यांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. तेव्हा आपल्या मुलाला इंग्रजीतून कायदा लिहिण्याचा सराव तेथेच होईल. मुलीला मात्र तो थेट इंटरमिजिएटमध्ये करावा लागणार आहे, म्हणून तिने आजपासून रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहावे आणि कोणाकडून तरी तपासून घ्यावे. उत्तरे नुसती वाचल्याने हात वळत नाही.

आणखी एक गोष्ट : ५५ टक्क्यांची सवलत मिळण्यासाठी पदवीत लेखांकन, लेखापरीक्षण, कायदा, अर्थशास्त्र, करआकारणी अशा विषयांचे प्रत्येकी १०० गुणांचे किमान तीन पेपर असावे लागतात. बहुतेक बी.कॉम.मध्ये ते असतातच, तरीही गुणपत्रिका एकदा पडताळून पाहावी.

मूळ प्रश्नकर्ते पालक

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. चार महिन्यांचा हिशेब आम्हाला कोणीच करून दाखवला नव्हता. मुलाची फाउंडेशनची नोंदणी १ जानेवारीपूर्वी करून टाकतो. मुलीची तात्पुरती नोंदणीही त्याच तारखेआधी केली, तर आठ महिने भरून ती सप्टेंबरच्या सत्रात बसू शकेल, असे मी समजतो. मात्र त्यांतले पहिले चार महिने तिचे बी.कॉम.चे सहावे सत्रही चालू असेल. अशा वेळी दोन्ही ग्रुप एकत्र द्यावेत की आधी एकच द्यावा?

उत्तर – आर्टिकल विद्यार्थिनी, नाशिक

तारखांचा हिशेब बरोबर आहे. दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर एका ग्रुपमधील जास्तीचे गुण दुसऱ्याची सरासरी भरून काढतात, आणि आर्टिकलशिपसाठी दोन्ही लागतातच. परंतु जूनअखेरीस तिचा सहा विषयांचा पहिला अभ्यास पूर्ण झालेला नसेल, तर तिने सप्टेंबरमध्ये पहिलाच ग्रुप द्यावा आणि दुसरा जानेवारीत. मी तसेच केले होते.