जुन्या डिस्कवरील व्हॉल्यूम ग्रुप आधी तपासावेत

सांगलीच्या मार्केट यार्डातील पेढीच्या संगणकात हिशेबाची जुनी डिस्क काढून ठेवून नव्या डिस्कवर डेबियन (लिनक्सवर आधारित प्रणाली) बसवावे, अशी एक सूचना आहे; ती डेटा वाचवते खरी. पण जुन्या आणि नव्या डिस्कवरील व्हॉल्यूम ग्रुपचे (डिस्कवरील जागेच्या एकत्रित गटाचे) नाव एकच निघाले, तर जुनी डिस्क पुन्हा जोडताच एलव्हीएमला, म्हणजे हे गट सांभाळणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेला, केवळ नावावरून गट ओळखता येत नाही. त्यामुळे विभाजनापूर्वीच लाइव्ह प्रणालीत (डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हसारख्या साधनावरून चालणाऱ्या प्रणालीत) ‘व्हीजीएस’ (vgs) आज्ञेने नावे आणि यूयूआयडी (प्रत्येक गटाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पाहून नव्या गटाला वेगळे नाव द्यावे, हे मला अधिक सोयीचे वाटते. जुन्या गटाचे नाव ‘व्हीजीरीनेम’ (vgrename) आज्ञेने बदलता येते, मात्र त्या डिस्कवरून बूट करायचे असल्यास तिथल्या एफएसटॅब (कोणते विभाजन कुठे जोडायचे याची फाइल) व ग्रब (प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) यांमधील नोंदीही बदलाव्या लागतात. क्लोन केलेल्या (हुबेहूब नक्कल केलेल्या) डिस्कवर यूयूआयडीही तेच असतात; तिथे ‘व्हीजीइम्पोर्टक्लोन’ (vgimportclone) ही आज्ञा वापरावी.